एका तमिळ शीतपेयाची शंभर वर्षे

मद्रासच्या मरीना किनाऱ्यासमोर गोलाकार दर्शनी भागाची एक जुनी इमारत उभी आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथे झाला होता. त्या स्मरणार्थ तिला आज विवेकानंदांचे नाव आहे. पण त्या भागाला लोक अजूनही ‘आइस हाउस’ म्हणूनच ओळखतात, आणि ते नाव निराधार नाही. १८४२ च्या सुमारास बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यासाठी ही वास्तू उभी राहिली ती बर्फाचे कोठार म्हणून. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या लाद्या लाकडाच्या भुशात दडपून, आफ्रिकेला वळसा घालून, चार-चार महिन्यांच्या प्रवासानंतर मद्रासला उतरत. वाटेत त्यांचा मोठा भाग वितळून जाई. उरलेल्यावर गोऱ्या साहेबांचे पेले थंड होत, आणि एवढी नासाडी होऊनही ट्यूडरला नफा होई. उष्ण देशात थंडाव्याला काय किंमत येते, याचा याहून बोलका पुरावा दुसरा कोणता द्यावा?

मद्रासच्या सामान्य माणसाला त्या बर्फाशी काही कर्तव्य नव्हते. त्याची पेये वेगळी. आपल्याकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे असते, तसे तिकडे रामनवमीला गूळ, सुंठ आणि वेलदोडा घातलेले ‘पानकम्’ असते. आपल्या ताकाला तेथे ‘नीर मोर’ म्हणतात. शहाळे तर रस्तोरस्ती. नन्नारीच्या मुळ्यांचे सरबत, आणि ताडाच्या झाडावरून पहाटे उतरविलेली गोड नीरा, जिला ‘पदनीर’ हे नाव आहे, ही सर्व पेये घरची किंवा झाडाची. त्यांना कारखाना लागत नसे, बाटली लागत नसे, आणि अर्थातच छापही लागत नसे.

बाटली आली ती सोडावॉटरबरोबर. पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडण्याची युक्ती प्रीस्टलीने १७६७ साली दाखविली आणि श्वेप्पने तिचा धंदा केला. हिंदुस्थानात हे पाणी आधी छावण्यांत आणि क्लबांत मुरले. मद्रासमध्ये माउंट रोडवरील स्पेन्सर कंपनीचा सोडा प्रसिद्ध होता. पण सोडा खऱ्या अर्थाने बाजारपेठेत आणला तो हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ साली पेटंट घेतलेल्या बाटलीने. तिच्या गळ्यात काचेची गोटी असते. बाटली उलटी धरून भरायची. आतल्या वायूच्या दाबाने गोटी रबरी कड्याला घट्ट चिकटते, आणि बुचाचा खर्चच उरत नाही. फोडताना अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलली की शीळ घालीत सोडा वर येतो. आपला गोटी सोडा तो हाच. हाताने फिरवायचे एक यंत्र, वायूची टाकी, स्वच्छ पाणी आणि पाच-पन्नास बाटल्या एवढ्या भांडवलावर कोणाही उद्योगी माणसाला कारखानदार होता येऊ लागले. आधुनिक उद्योगधंद्याचा एवढा स्वस्त दरवाजा हिंदी माणसाला क्वचितच उघडा मिळाला असेल.

त्या दरवाजातून आत शिरलेल्यांत विरुदुनगरचे पी. व्ही. एस. के. पळनियप्पा नाडार हे एक. १९१६ साली त्यांनी सोडावॉटरचा धंदा सुरू केला. त्याला नाव दिले काळी एअरेटेड वॉटर वर्क्स. बाजारात ते ‘काळीमार्क’ म्हणून रूढ झाले. महायुद्ध ऐन भरात होते. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या कोरड्या, पाण्याला महाग अशा मुलखातील एका गावी एक व्यापारी पाणी विकण्याचा धंदा काढतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. विरुदुनगर आणि तेथील नाडार समाज यांचा इतिहास डोळ्यांपुढे आणल्यावाचून तिचा उलगडा होत नाही.

नाडार समाजातील बहुसंख्य लोकांचा परंपरागत व्यवसाय ताडावर चढून रस काढण्याचा, त्यापासून गूळ करण्याचा. म्हणजे पेय हे त्यांच्या हाताला ओळखीचेच होते. सवर्ण समाज त्यांना फार दूर ठेवी. देवळात प्रवेश नव्हता. एकोणिसाव्या शतकात यांच्यातील काही कुटुंबे गूळ, कापूस, तंबाखू घेऊन बैलगाड्यांनी उत्तरेकडे व्यापाराला निघाली आणि शिवकाशी, विरुदुनगर, अरुप्पुकोट्टै अशा गावांत पेठा वसवून स्थिर झाली. या पेठांत त्यांनी ‘महमै’ नावाची एक पद्धत पाडली. प्रत्येक व्यापाऱ्याने मालावर ठराविक वर्गणी काढायची, आणि त्या निधीतून शाळा, विहिरी, देवळे, धर्मशाळा चालवायच्या. सरकारी कर चुकविण्यात भूषण मानणारे व्यापारी स्वतःवर आपण होऊन कर बसवितात, हे दृश्य शासनाच्या इतिहासात फारसे आढळत नाही. पुढे मुख्यमंत्री झालेले कामराज १९०३ साली याच विरुदुनगरात, याच समाजात जन्मले. शिवकाशीची आगपेटी १९२३ पासूनची. तुतिकोरीनची नाडार बँक, म्हणजे आजची तामिळनाड मर्कंटाइल बँक, १९२१ ची. पळनियप्पांचा सोडा या सर्वांचा थोरला भाऊ ठरतो.

पैसा आला तरी मान आला नव्हता. १८९७ साली काही नाडारांनी कमुदी येथील देवळात प्रवेश केला, त्यावरून खटला झाला. तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९०८ साली तेथेही निकाल नाडारांच्या विरुद्ध लागला. मधल्या काळात, १८९९ मध्ये, शिवकाशीत भीषण दंगल उसळून रक्तपात झाला होता. मदुरेच्या मीनाक्षीचे दार उघडायला १९३९ साल उजाडावे लागले. हे सन एकापुढे एक ठेवले म्हणजे १९१६ च्या त्या सोड्याचा अर्थ जरा निराळा दिसू लागतो. ज्याला देवळाच्या उंबऱ्याशी अडविले जात होते, त्याच समाजातील एका माणसाने भरलेले पाणी पेठेत सर्वांसाठी विक्रीला ठेवले जाऊ लागले होते. आपल्याकडे पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून टिळक-रानड्यांसकट कित्येकांना प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे पेय कोणी केले या प्रश्नाचे त्या काळातील वजन कळते. सीलबंद बाटली त्या प्रश्नाला उत्तर देत नव्हती, तो विचारण्याचे कारणच हळूहळू नाहीसे करीत होती. समाजसुधारकांच्या यादीत काचेच्या गोटीचे नाव कोणी घालणार नाही. पण रेल्वेच्या डब्याप्रमाणे तिचाही त्या कामात थोडा वाटा असावा.

धंदा वाढला तो कुटुंबाच्या अंगाने. सोडालेमनच्या धंद्याचा एक स्वाभाविक नियम असा, की त्यात विकले जाते ते मुख्यतः पाणी आणि वाहून न्यावी लागते ती मुख्यतः काच. रिकामी बाटली परत आणावी लागते. ती फुटली, हरवली, की नफा गेला. अनामत रकमेवर बाटल्या फिरत राहतात, आणि एकेका बाटलीने किती फेऱ्या केल्या यावर मालकाचे भाग्य ठरते. त्यामुळे कारखान्यापासून काही मैलांच्या पलीकडे माल पाठविणे परवडत नाही. मग मोठा एक कारखाना काढण्यापेक्षा गावोगाव लहान कारखाने काढावे, आणि एकेका ठिकाणी घरातला माणूस बसवावा, हे ओघानेच आले. काळीमार्कचा विस्तार याच रीतीने दक्षिणेकडील जिल्ह्यांतून झाला आणि मद्रास शहरापर्यंत येऊन पोचला. एकाच छापाखाली पुतणे-भाऊ आपापले मुलूख सांभाळतात, हा प्रकार हिशेबाला क्लिष्ट आणि भांडणाला सोयीचा. तरीही तो टिकला, याचे श्रेय पेठेतल्या शिस्तीला द्यावे लागेल.

१९५८ च्या सुमारास या कंपनीने ‘बोवोंटो’ नावाचे पेय बाजारात आणले. गडद तपकिरी रंग, द्राक्षाची चव, थोडासा कडसर गोडवा. त्या वेळी कोका-कोला हिंदुस्थानात येऊन आठ वर्षे झाली होती. १९५० साली दिल्लीत त्याची पहिली भट्टी लागली आणि शहरी तरुणांच्या हातात ती बाटली शोभू लागली. बोवोंटोचा रंग पाहून ते त्याचेच देशी रूप आहे असे वाटण्याचा संभव आहे. चवीने मात्र तो समज टिकत नाही. दक्षिण तामीळनाडूत लग्नाच्या मांडवात, जत्रेत, बसस्थानकावरच्या टपरीत आणि बिर्याणीच्या पानाशेजारी या बाटलीने आपली जागा धरली. आजोबांनी प्यायलेली चव नातवाला मिळावी, एवढ्या एका गोष्टीवर ती जागा आजपर्यंत उभी आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो सबंध धंद्यालाच लागू आहे. द्राक्षाच्या चवीचे पेय म्हणजे द्राक्षाचे पेय काय? कायद्याने या दोहोंत फार पूर्वीच भिंत घातली. १९५५ साली केंद्र सरकारने जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली फळपदार्थ आदेश काढला. ज्या स्क्वॅशमध्ये शेकडा २५ तरी फळाचा रस नाही त्याला स्क्वॅश म्हणता येणार नाही; लगेच पिण्याच्या तयार पेयात रस निदान शेकडा १० हवा; आणि याहून कमी असेल तर बाटलीवर फळाचा आभास निर्माण करणारा मजकूर नको, असा त्याचा रोख होता. गंधकवायूचे प्रमाण स्क्वॅशमध्ये दशलक्ष भागांत ३५० हून अधिक नसावे, इतक्या बारकाईने तो आदेश लिहिलेला होता. जांभूळ, कोकम यांसारख्या रंगीत फळांना गंधकाचा क्षार चालत नाही, कारण तो रंगच खाऊन टाकतो. त्यांच्यासाठी बेंझोइक आम्लाची वाट ठेवलेली. कागदावरचे नियम वाचताना कंटाळा येतो खरा, परंतु फसवणूक होते ती नेमकी अशा कंटाळवाण्या जागी. संत्र्याच्या नुसत्या अर्काचे पाणी रसासारखे गढूळ दिसावे म्हणून ब्रोमिन घातलेले वनस्पती तेल कारखानदार सर्रास वापरीत. त्यावर १९९० साली बंदी आली. हा आदेश २०११ साली नव्या अन्नसुरक्षा कायद्यात विलीन झाला, पण शेकडा दहाचा तो आकडा बहुतांशी कायम राहिला.

खरे फळ लागते ते आंब्याच्या पेयाला, आणि त्याचे आगर मद्रासपासून दूर नाही. तामीळनाडूतील कृष्णगिरी आणि शेजारच्या आंध्रातील चित्तूर हे दोन जिल्हे तोतापुरी आंब्याचे. खाणारा रसिक तोतापुरीकडे ढुंकून पाहत नाही. रत्नागिरीकराला तर तो आंबाच वाटायचा नाही. पण गर भरपूर, कोय बेताची, रंग टिकाऊ आणि भाव स्वस्त, म्हणून कारखान्याला तोच हवा. जून-जुलैत गाड्याच्या गाड्या दाराशी लागतात. फळ पिकवून, धुऊन, कोय वेगळी करून गर चाळणीतून काढतात, क्षणभर उच्च उष्णतेवर तापवून लगेच थंड करतात आणि निर्जंतुक पिशवीत भरून ती पिशवी पोलादी पिंपात बंद करतात. एका पिंपात सुमारे २१५ किलो गर. तो वर्षभर साध्या कोठारात राहतो, मद्रास बंदरातून परदेशी जातो, आणि उरलेला देशातल्या पेयांच्या कारखान्यांना पुरतो. तेथे त्यात पाणी, साखर आणि आम्ल मिसळले की एका पिंपातून हजारो बाटल्या निघतात. आपल्याकडे मुंबईच्या ड्यूक कंपनीच्या मँगोलाने किंवा नागपूरच्या संत्रा बागाइतदारांच्या ‘नोगा’ने हीच वाट धरली होती.

या हिशेबात शेतकरी कोठे बसतो हे २०२५ च्या उन्हाळ्यात दिसून आले. तोतापुरीचे पीक अमाप आले, कारखान्यांची कोठारे आधीच्या गराने भरलेली, आणि भाव कोसळला. आंध्र सरकारने किलोला १२ रुपये ठरविले. त्यातले ८ कारखान्याने द्यावे, ४ सरकारने. एवढ्यावर न भागता चित्तूर जिल्ह्यात परप्रांतीय तोतापुरीला बंदी झाली, आणि कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांना आंध्राच्या मुख्यमंत्र्यांकडे लेखी तक्रार करावी लागली. बाटलीची किंमत मात्र त्या भावाबरोबर खाली आली नाही. ज्या पेयात फळ शेकडा दहा, त्याच्या किमतीत फळवाल्याचा वाटा किती असणार!

बोवोंटोच्या कथेतील कसोटीचा काळ आला तो कोलाच्या परत येण्याने. मधली सोळा वर्षे देशी धंद्याला मोकळी मिळाली होती. १९७३ च्या परकी चलन कायद्यानुसार परदेशी मालकी शेकडा ४० वर आणण्यास नकार देऊन कोका-कोलाने १९७७ साली देश सोडला. तेव्हा सरकारने स्वतः ‘सत्त्याहत्तर’ नावाचे पेय काढले; म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधनशाळेने अर्क तयार केला आणि पाव विकणाऱ्या सरकारी कंपनीने तो बाटलीत भरला. पाव आणि पेय यांचा ग्राहक एकच असतो, पण त्यांचा बाजार एक नसतो. हे सत्त्याहत्तर लवकरच विस्मरणात गेले. बाजी मारली मुंबईच्या पार्लेने. १९९० मध्ये पेप्सी आली, १९९३ मध्ये कोका-कोला परतला, आणि त्याच वर्षी पार्लेची पेयेच त्याने विकत घेतली. मुंबईच्या पंडोल कुटुंबाने १८८९ पासून चालविलेली ड्यूक १९९४ साली पेप्सीकडे गेली. गावोगावचे सोडेवाले कोणी परक्यांच्या बाटल्या भरू लागले, कोणी कारखान्याला कुलूप लावले.

काळीमार्क विकली गेली नाही. मोठ्या शहरांतील चकचकीत दुकानांत तिला शीतकपाटात जागा मिळेना, कारण कपाटच परदेशी कंपनीने दिलेले असे आणि त्यात दुसऱ्याची बाटली ठेवण्याची दुकानदाराला चोरी असे. जाहिरातीला पैसा नव्हता. मग कंपनी जेथे होती तेथे, लहान गावांत आणि तालुक्याच्या बाजारात, पाय रोवून राहिली. हे धोरण होते की नाइलाज, हे सांगणे अवघड, बहुधा दोन्ही. मात्र एक गोष्ट खरी, की जी कंपनी मुळातच जवळच्या मुलखापुरती बांधलेली होती तिला सबंध देश गमावण्याची भीती नव्हती.

आणि मग २०१७ चा जानेवारी आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंद केलेल्या जल्लिकट्टूच्या मागणीसाठी हजारो तरुण मरीनावर, त्या जुन्या बर्फाच्या कोठाराच्या आसपासच, आठवडाभर बसून राहिले. बैलांच्या खेळावरून सुरू झालेला राग परदेशी संस्थांवरून परदेशी मालावर गेला. राज्यातील व्यापारी संघटनांनी १ मार्चपासून कोका-कोला आणि पेप्सी न विकण्याचे आवाहन केले. त्याला पाण्याच्या तंट्याची जोड होती. तिरुनेलवेलीजवळ गंगैकोंडान येथील कारखान्यांना ताम्रपर्णी नदीचे पाणी देण्याविरुद्ध दाद मागितली गेली होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने नोव्हेंबर २०१६ मध्ये तात्पुरती मनाई केली आणि २ मार्च २०१७ रोजी ती उठविली. म्हणजे दुकानांतून बाटल्या हटू लागल्या आणि नदीचे पाणी पुन्हा सुरू झाले, या दोन गोष्टी एका दिवसाच्या अंतराने घडल्या.

त्या उन्हाळ्यात बोवोंटोची मागणी एकाएकी चढली. चेन्नईतील ज्या दुकानांत तिचे नाव कोणी घेत नव्हते तेथे ती पुढच्या फळीवर आली. तमिळ अभिमानाचे चिन्ह होण्याचा मान एका सोडेवाल्याच्या बाटलीला मिळाला. त्यात भावनेचा भाग मोठा होता, हे मान्य करावे लागते. देशी बाटलीतही पाणी जमिनीतलेच असते, साखर तेवढीच असते. नदीच्या बाजूने बोलायचे तर मालक कोण याबरोबर उपसा किती हेही विचारले पाहिजे. घोषणा देणाऱ्यांपैकी थोड्यांनीच तो प्रश्न विचारला. पण १९०८ मध्ये ज्या समाजाला परके ठरविले गेले, त्याच समाजातील एका घराण्याचे पेय शंभर वर्षांनी सर्व तमिळांचे ‘आपले’ ठरावे, हा फेरही नोंदण्यासारखा आहे.

उत्साहाला उत्पादन पुरे पडणे कठीण होते. अनामतीच्या काचेवर चालणारा कुटुंबाचा धंदा एका महिन्यात दुप्पट होत नसतो. त्यातच जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराखाली वायुयुक्त पेयांवर उपकरासह शेकडा ४० कर बसला, आणि त्यात लहान-मोठा, देशी-परदेशी असा भेद नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा वायूविरहित फळपेयांचा कर शेकडा १२ वरून ५ वर उतरला. वायूच्या पेयांचा ४० च राहिला, त्यात फळ असो वा नसो. २०२३ पासून एका बलाढ्य देशी उद्योगसमूहाने ‘कँपा’ हे जुने दिल्लीचे नाव पुन्हा बाजारात आणले असून २०० मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली दहा रुपयांना दिली आहे. तीत अनामत नाही, परत येणारी काच नाही, आणि कारखान्यापासून किती मैल दूर विकावी याला बंधनही नाही. विरुदुनगरच्या घराण्यापुढे आता उभा आहे तो हा प्रतिस्पर्धी.